मेक पोसावा लागतो: जंगली ग्रहावरच्या खेळाचे नियम

तुमचा प्रश्न मी असा समजलो. टेबलावर फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ, चार खेळाडू, दर रविवारी तीन तास, सहा रविवारांचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी एकच गोष्ट. यान कोसळून जंगली ग्रहावर अडकलेले पायलट आणि त्यांचे मेक, म्हणजे आत बसून चालवायची अजस्र चालती यंत्रं. तीन वेगवेगळ्या खेळांतले नियम एकत्र करून तुम्ही साठेक पानं तयार केलीत आणि दोन सेशन घेतलीत. पहिल्या सेशनचा अर्धा वेळ इंधनाच्या आणि गोळ्यांच्या बेरजा-वजाबाक्यांत गेला. दुसऱ्यात मोठा प्राणी समोर आला आणि दोन फेऱ्यांत आडवा झाला. मेकमधून खाली उतरायला तर कोणी राजीच नाही. आता नियम कमी करावेत की आणखी घालावेत, असं तुम्ही विचारलंय.

अडचण पानांच्या संख्येत नाही. मेकचा खेळ ताकदीचा असतो आणि जगण्याचा खेळ टंचाईचा. तुमच्या नियमांत मेक एका बाजूला आहे, भूक-तहान दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. मग खेळाडू शहाण्यासारखं वागतात. कॉकपिटमध्ये बसून राहतात, कारण खाली उतरून मिळणार काहीच नाही. हत्ती पोसणाऱ्याचं काय होतं बघा. हत्तीवर बसलेल्या माणसाला वाघाची भीती नसते, पण उद्याचा चारा कुठून आणायचा हा घोर त्याला रोज असतो. तुमचा मेक तसा हत्ती व्हायला हवा. प्रत्येक नियम उचला आणि विचारा: यामुळे यंत्राला आधी द्यायचं की माणसाला, हे ठरवणं भाग पडतं का? पडत नसेल तर नियम कितीही देखणा असला तरी काढून टाका. या एका चाळणीतून साठ पानांची सहा-सात पानं होतील.

काही गोष्टी मात्र तुमच्या टेबलावर अवलंबून आहेत, त्या मी ठरवू शकत नाही. पात्र मेलेलं तुमच्या लोकांना चालतं का, हे पहिल्याच दिवशी तोंडाने विचारून घ्या. आकडेमोड आवडणारे दोघं आणि कंटाळणारे दोघं असतील तर हिशेब आवडणाऱ्यांकडे द्या. मेक किती, हाही असाच प्रश्न. लढाई हाच आनंद असेल तर माणशी एक मेक. पण जगणं मध्यभागी हवं असेल तर मी चार खेळाडूंना तीनच मेक देतो. एक जण कायम पायी, किंवा कोणाच्या तरी मेकच्या पाठीवर लटकलेला, आणि तो कोण हे रोज सकाळी ठरतं. यात एक व्यावहारिक सोयही आहे. रविवारी मुंबईच्या लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि कोणीतरी कुठल्यातरी स्टेशनवर अडकतोच. तीन खेळाडू आले तरी तिन्ही मेक चालतात, खेळ रद्द होत नाही.

आता नियम. सुरुवात वेळेपासून करा, कारण बाकीचं सगळं वेळेवर टांगलेलं असतं. तास-मिनिटं मोजू नका, पहर मोजा. ग्रहाचा दिवस किती का तासांचा असेना, त्याचे आठ पहर: चार उजेडाचे, चार रात्रीचे. एका पहरात प्रत्येक जण एकच मोठं काम करतो: एक हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर) चालणं, दुरुस्ती, पाणी शोधणं, झोप, पहारा. टेबलावर एका पहराला साधारण वीस मिनिटं लागतात. आठ पहरांची १६० मिनिटं झाली, म्हणजे तीन तासांच्या सेशनमध्ये ग्रहावरचा एक दिवस नीट बसतो आणि वर चहापुरता वेळ उरतो. सहा रविवार म्हणजे सहा दिवस. मुक्काम कुठे, वाट किती लांब, सामान किती द्यायचं, हे सगळं या आकड्यावरून काढायचं.

फाशांसाठी सहा बाजूंचे दोन फासे आणि वर पायलटचा गुण. गुण तीनच: चालवणं, मिस्त्रीकाम, रानाची जाण. या तिन्हींत मिळून तीन अंक वाटायचे, एकात दोनपेक्षा जास्त नाही. बेरीज ६ किंवा कमी आली तर काम फसलं आणि किंमतही गेली. ७ ते ९ आली तर काम झालं, पण किंमत द्यावी लागली. १० किंवा जास्त म्हणजे स्वच्छ यश. गुण शून्य असेल तर हे प्रमाण सुमारे ४२, ४२ आणि १७ टक्के असं पडतं. गुण १ असेल तर २८, ४४, २८. गुण २ असेल तर १७, ४२, ४२. मधलं खातं सगळ्यांकडे भरलेलं राहतं, ते बघा. कसलेला पायलटसुद्धा दर पाच वेळांतून दोनदा काहीतरी गमावून पुढे जातो, आणि जगण्याचा खेळ त्याच खात्यात घडतो. वीस बाजूंच्या एका फाशात हे मधलं खातं आपोआप येत नाही, म्हणून या खेळासाठी मी तो घेत नाही.

किंमत जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, दर वेळी डोक्यातून काढायची नाही. पाचच किंमती ठरवून कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवा: ऊर्जा, हीट (यंत्राचा ताप), मेकचा एखादा भाग, एक पहर, किंवा चाहूल (प्राण्यांना लागणारी). शक्य असेल तेव्हा जीएमने दोन पुढे करावीत आणि खेळाडूने एक उचलावी. निवडलेलं नुकसान माणूस मुकाट सोसतो, लादलेल्यावर वाद घालतो.

हिशेब कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, याचं एक साधं सूत्र आहे. ज्याची आखणी खेळाडूंनी करावी असं वाटतं ते मोजा, आणि जे अचानक संपावं असं वाटतं ते फाशावर टाका. ऊर्जा मोजायची. प्रत्येक मेकला बारा घरं, आणि पेन्सिलीने खोडत बसण्याऐवजी बारा चिंचोके. चिंचोके समोर कमी होताना दिसले की कोणाला बजावून सांगावं लागत नाही. पाणी, अन्न आणि गोळ्या मात्र घटत्या फाशावर. पाण्याला आठ बाजूंचा फासा दिला, म्हणजे डी८, तर पाणी वापरलं की तो टाकायचा. १ किंवा २ पडलं की फासा एक पायरी खाली, डी६. मग डी४. डी४ वर पुन्हा १ किंवा २ आलं की पाणी संपलं. सरासरीने डी८ वर चार वेळा, डी६ वर तीन वेळा आणि डी४ वर दोनदा निभावतं, म्हणजे एकूण नऊ वेळा. सगळ्या गटाचा मिळून पाण्याचा फासा दिवसातून दोनदा टाका, अन्नाचा एकदा. डी८ चं पाणी साडेचार दिवस पुरतं, आणि दिवस आहेत सहा. हे मुद्दाम आहे. एकदा तरी पाण्यासाठी वाट वाकडी करावीच लागते.

ऊर्जेचं अंदाजपत्रक कॅम्पेन सुरू होण्याआधी कागदावर मांडा. तुमच्या खेळात हीच पायरी राहून गेली असावी असं वाटतं. मोकळ्या जमिनीवर एक हेक्स चालायला एक घर, दाट रान किंवा चिखल असेल तर दोन, सरासरी दीड धरा. यानापासून जिथे पोचायचंय त्या सिग्नलच्या मनोऱ्यापर्यंत बारा हेक्स ठेवलेत तर १८ घरं लागतील. मेककडे सुरुवातीला १२. पाठीवरचे सोलर पॅनल उघडून मेक उभा ठेवला तर भर उन्हाच्या दोन पहरांत एकेक घर भरतं, म्हणजे दिवसाला २, सहा दिवसांत १२. एकूण २४. खर्च १८, हातात ६. तुमचं सगळं नाट्य या सहा घरांत आहे. लढाईतला जोर, पाण्यासाठी घेतलेला वळसा, ढगाळ दुपार, अडकलेल्या सोबत्याला ओढून काढणं, सगळं त्यातूनच जाणार. शिल्लक १२ असती तर टंचाई जाणवली नसती, आणि २ असती तर पहिल्या चुकीतच खेळ संपला असता. सामान वाटताना हा आकडा ५ ते ७ च्या बाहेर जाऊ देऊ नका. वाटेत इंधनाचा डबा सापडला तर तो ४ घरांचा, आणि सहा दिवसांत असा एकच. एका मेकमधून दुसऱ्यात केबलने ऊर्जा देता येईल, पण दोन घरं दिली की पोचतं एक.

खऱ्या जगात हे गणित याहून कडक आहे. दहा चौरस मीटर पॅनल, २० टक्के कार्यक्षमता, भर उन्हात चौरस मीटरला एक किलोवॉट. हातात येतात दोन किलोवॉट. दिवसात पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं तर दहा युनिट. सहा टनांचा मेक चालताना ५० किलोवॉट खातो असं धरलं, तर दिवसभराच्या उन्हावर तो फक्त बारा मिनिटं चालेल. खेळात आपण यंत्राला बरीच सूट देतोय. खेळाडूंपैकी कोणी इंजिनिअर असेल तर तो हे काढणारच, तेव्हा आपण कुठे आणि का वाकवलं ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

हीटचा नियम मेकच्या खेळांत जुना आहे, पण बहुतेक ठिकाणी तो फक्त लढाईपुरता असतो. तो पाण्याशी जोडा, मग बघा. सहा घरांची पट्टी. लढाईत प्रत्येक फेरीला पायलट एक निवडतो: जोर लावणं किंवा जपून खेळणं. जोर लावला तर ऊर्जेचं एक घर गेलं, हीट एकने वाढली, पण तीन फासे टाकून त्यातले मोठे दोन धरायचे. गुण शून्य असला तरी अपयश ४२ वरून साधारण १९ टक्क्यांवर येतं आणि स्वच्छ यश १७ वरून ३६ वर जातं, इतका मोठा फायदा. जपून खेळला तर दोनच फासे, ऊर्जा शाबूत, हीट एकने कमी. हीट ४ झाली की प्रत्येक टाकीला, म्हणजे फासे टाकण्याला, एक वजा. ६ झाली की मेक एक पहर बंद, नाहीतर पायलटने बळजबरी करून चालू ठेवावा आणि कुठलातरी एक भाग बिघडवून घ्यावा. पहर संपला की हीट शून्यावर येते. फक्त भर दुपारी चालत असाल तर ती १ च्या खाली उतरत नाही.

तिसरी वाट पाण्याची. पिण्याचं पाणी रेडिएटरवर ओतलं की हीट लगेच शून्य, पण पाण्याचा फासा एक पायरी खाली. डी८ वरून डी६ वर आलात तर सरासरी चार वेळांचं पाणी गेलं, म्हणजे गटाचं दोन दिवसांचं पिणं. हा नियम हवेतून आणलेला नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता शोषली जाते. यंत्राची १०० किलोवॉट उष्णता मिनिटभर बाहेर टाकायची तर सहा मेगाज्यूल, म्हणजे अडीच लिटरहून जास्त पाणी फक्त एका मिनिटात. साध्या दिवशी एका माणसाला पिण्यासाठी लागणारं जवळपास दिवसाचं पाणी झालं. दमटपणाचा परिणाम मात्र मेकवर लावू नका, माणसावर लावा. मे महिन्यात मुंबईत घाम वाळत नाही तो हवेतल्या बाष्पामुळे. पाणी उकळण्याइतक्या तापलेल्या रेडिएटरला त्याचं फारसं काही वाटत नाही. म्हणून दमट रानात पायी चालणाऱ्याला दर दोन पहरांमागे एक थकवा (त्याचाही टाकीला वजा), मेकला काही नाही.

नुकसानीसाठी हिट पॉइंट, म्हणजे मार बसला की घटणारा एकच आकडा, टाकून द्या. पन्नासातले बारा उरले काय आणि तीस उरले काय, मेक तसाच चालतो. तुमची लढाई दोन फेऱ्यांत संपली तेव्हा टेबलावर फक्त एक आकडा कमी झाला होता. त्याऐवजी भाग ठेवा. मार बसला की डी६ टाका: १ कॉकपिट, २ डावा हात, ३ उजवा हात, ४ आणि ५ पाय, ६ धड म्हणजे इंजिन. पायांना दोन आकडे आहेत, कारण प्रवासाच्या खेळात पायच सगळ्यात महाग. प्रत्येक भाग ठीक, बिघडलेला किंवा निकामी. बिघडलेल्या भागाने काम केलं तर एक वजा, निकामी भागाने ते कामच नाही.

दुरुस्ती दोन तऱ्हेची. पक्की दुरुस्ती करायची तर दोन स्पेअर, दोन पहर आणि डोक्यावर छप्पर. भाग पुन्हा ठीक. जुगाड करायचा तर एक स्पेअर, एक पहर आणि मिस्त्रीकामाची टाकी. यश आलं की भाग ठीक असल्यासारखा चालतो, पण शीटवर त्याच्यापुढे ‘जु’ लिहायचं. त्या भागाने केलेल्या कुठल्याही टाकीत दोन फासे सारखे पडले की जुगाड सुटला आणि भाग थेट निकामी. दोन फाशांवर ही शक्यता सहात एक. जोर लावून तीन फासे घेतले तर त्यातले कोणतेही दोन सारखे पडण्याची शक्यता ४४ टक्के. म्हणजे तारेने बांधलेल्या होजवर (तेलाच्या नळीवर) जोर लावला तर होज फुटणार, हे वेगळा नियम न लिहिता फाशांतूनच निघतं. मला या सगळ्या रचनेत हा भाग सर्वांत आवडतो. स्पेअरला नावं द्या: होज, सील, बेअरिंग, केबल, कूलंटचा डबा. ‘स्पेअर ३’ असं लिहिलं तर ते चलन होतं, ‘बेअरिंग’ लिहिलं की वस्तू होते. जुन्या यानाचा सांगाडा रंगवायचा असेल तर मुंबईत रे रोडच्या दारुखाना भागातल्या भंगारात एक फेरी मारा. मोडीतल्या लोखंडात कुठला भाग कसा गंजतो आणि गॅसने कापल्यावर कडा कशा दिसतात, हे डोळ्यांनी पाहिलेलं वर्णनात लगेच उतरतं.

खाली उतरायला कोणी तयार नाही, यावर चाहूल हा उपाय. प्रत्येक हेक्सला चाहुलीची सहा घरं. मेकने त्या हेक्समध्ये चालण्याचं किंवा कामाचं काही केलं की पहरामागे एक घर भरतं, जोर लावला तर आणखी एक. पायी माणसाने काही भरत नाही. पहराच्या शेवटी डी६ टाका. आकडा भरलेल्या घरांइतका किंवा कमी आला की काहीतरी येतं. हेक्स सोडला की दोन घरं पुसा, उरलेली पुढच्या हेक्समध्ये बरोबर येतात. पाणी भरणं, फळं गोळा करणं, दुरुस्ती, गुहेत शिरणं, टेहळणी, ही कामं पायीच होतात. आणि सलग तीन पहर कॉकपिटमध्ये काढले की पायलटला एक थकवा. आता उतरण्यात फायदा आहे, बसून राहण्यात तोटा आहे. उतरलेल्या माणसाला खरा धोकाही हवा: मेकच्या तोलामोलाच्या प्राण्याचा फटका पायी माणसाला बसला तर वेगळी टाकी नाही, तो थेट मरणाच्या दारात. त्याच पहरात कोणी औषधोपचार केला तर वाचला.

‘काहीतरी येतं’ म्हणजे दर वेळी लढाई नव्हे. प्रत्येक प्राण्याला तीन ओळी लिहा: त्याला काय हवंय, तो कशाला बिचकतो, आणि पहिल्यांदा काय करतो. आकडा एकच, किती मार बसल्यावर तो निघून जातो. मारेपर्यंत लढणारा प्राणी रानात क्वचितच असतो, कारण जखमी शिकाऱ्याला पुढची शिकार जमत नाही. आपल्या मुंबईच्या संजय गांधी उद्यानाचंच बघा. सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान, जवळपास चहूबाजूंनी शहर, आणि तरी बिबटे टिकून आहेत. ते वस्तीच्या कडेला येतात ते बहुतेक भटक्या कुत्र्यांच्या मागे, सोप्या भक्ष्यासाठी. तुमच्या ग्रहावरचा शिकारीही तसाच असू द्या. तो मेकशी झुंजायला येत नाही, मेकच्या सावलीत शिजणाऱ्या अन्नाच्या वासाने येतो. मग उरलेलं अन्न कुठे पुरायचं, रात्री आग लावायची का, या गोष्टींनाही किंमत येते. मोठा प्राणी दोन फेऱ्यांत आडवा झाला ही तुमची तक्रार इथे मिटते, कारण तो दोन फेऱ्यांनी निघून जातो आणि मध्यरात्री परत येतो.

हवामान या ग्रहाचा खरा खलनायक करा, आणि त्यासाठी लांब जायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पण मुंबई तुंबते ती एकट्या पावसाने नाही. जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी धरून. वर धो-धो पाऊस आणि त्याच वेळी भरती असली की पाण्याला समुद्रात जायला तोंडच राहत नाही. दोन साधी चक्रं एकत्र आली की आपत्ती होते. खेळात तसंच करा. पावसाची चार घरं: दर पहराला डी६, पावसाळी दिवसांत ३ किंवा जास्त पडलं की पाऊस आणि एक घर भरलं, नाहीतर एक पुसलं. पावसाच्या पहरात अर्थात सोलर बंद. भरतीचं चक्र पाच पहरांचं: पाचव्या, दहाव्या, पंधराव्या पहराला भरती. दिवस आठ पहरांचा आणि भरती पाचाची, त्यामुळे रोज ती वेगळ्या पहरात येते आणि पाच दिवसांनी फेरा पुन्हा पहिल्यापासून. पावसाची चारही घरं भरलेली आणि भरतीचा पहर, असं जुळलं की सखल हेक्स पाण्याखाली. त्या हेक्समध्ये अडकलेल्या मेकला दुप्पट ऊर्जा आणि पाय सांभाळण्याची टाकी. भरतीचं वेळापत्रक खेळाडूंना द्या, लपवू नका. कोळीवाड्यातला माणूस उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी हे तिथीवरून सांगतो, तसं तुमचे खेळाडू तिसऱ्या दिवसापर्यंत बोटांवर मोजायला लागतील. भीती वाटते ती येणार हे माहीत असलेल्या पाण्याची.

चिखलाला वजनाशी बांधा. मेकची उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, तळपायाचं क्षेत्रफळ मात्र चौपट. म्हणजे जमिनीवरचा दाब दुप्पट. चार मीटरचा सहा टनी मेक जिथे घोट्यापर्यंत रुततो, तिथे आठ मीटरचा ४८ टनी मेक पार बसेल. म्हणून जड मेकला चिखलात फसलेली टाकी म्हणजे रुतणं, आणि बाहेर काढायला दुसरा मेक व एक पूर्ण पहर. तीनपैकी एकच मेक जड ठेवा. सगळेच हलके असले तर हा नियम नुसता कागदावर राहतो.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका पहरात बघा. दुसऱ्या दिवसाची सकाळ, एकूण मोजणीत नववा पहर. समोर सखल नाला. पावसाची तीन घरं भरलेली, आणि दहाव्या पहराला भरती. या पहरात पाऊस पडला तर पुढच्या पहरात नाला बुडणार, हे सगळ्यांना दिसतंय. ‘रेडा’ हा जड मेक, त्याच्या डाव्या पायावर कालचा जुगाड. ‘टिटवी’ हा हलका मेक आणि दुसराही हलका मेक पलीकडे गेले, पायी असलेला सोबती टिटवीच्या पाठीवर. रेड्याच्या पायलटने जोर लावायचं ठरवलं: चिखलाची दोन आणि जोराचं एक, तीन चिंचोके उचलले. फासे पडले ५, ५, २. मोठे दोन मिळून १०, स्वच्छ यश. रेडा पार झाला, रुतला नाही. पण दोन पाच सारखे, जुगाड सुटला. पलीकडच्या काठावर पाय टेकला आणि तिथेच होज फाटून तेल चिखलात. पाय निकामी. हीट १. चाहूल दोन हलक्या मेकची दोन, रेड्याची दोन, एकूण चार; डी६ वर ४ किंवा कमी म्हणजे तीनात दोन वेळा काहीतरी येणारच. आता रेड्याजवळ दोन पहर थांबून पक्की दुरुस्ती करायची, त्यासाठी छप्पर कुठून आणायचं, की एक पहर घेऊन पुन्हा जुगाड, जो दर टाकीला सहात एकदा सुटू शकतो? टेबलावर वाद सुरू होतो, आणि जीएमला तोंड उघडावं लागत नाही.

काय बिघडतं तेही सांगतो. पहिलं, उतरती कळा: हीटचा वजा, बिघडलेल्या भागाचा वजा, थकव्याचा वजा असे तीन एकत्र लागले की तो खेळाडू उरलेलं सेशन हरतच राहतो. म्हणून एका टाकीला एकच वजा, सगळ्यात मोठा असेल तो. दुसरं, तळ ठोकून बसणं. यानाजवळ सुरक्षित वाटलं की लोक हलत नाहीत. त्यावर जीएमने चिडून प्राणी सोडू नयेत. थांबलेल्या हेक्समध्ये मेकने काही केलं की चाहूल चढतच जाते, तिला तिचं काम करू द्या. तिसरं, दयाळू जीएम. ऊर्जा संपत आली की हळूच इंधनाचा डबा सापडतो, हे खेळाडूंना दुसऱ्याच वेळी कळतं आणि मग कोणी चिंचोके मोजत नाही. डबा आणि पाणी कुठल्या हेक्समध्ये आहे ते आधीच नकाशावर लिहून पाकिटात बंद करा.

पहिल्या रविवारी नियम वाचून दाखवू नका. ए३ कागदावर हेक्सचा नकाशा, किंमतींचा एक कागद, भरतीचं वेळापत्रक, माणशी एक शीट, छत्तीस चिंचोके, बस. फक्त वेळ, ऊर्जा आणि फासे एवढ्यावर पहिले तीन पहर खेळा. हीट पहिल्या झटापटीत सांगा, जुगाड पहिल्या मारानंतर, भरती पाचव्या पहराला. तिसऱ्या रविवारच्या शेवटी तिन्ही मेकचे चिंचोके मोजा. अर्धी वाट झाली असेल आणि मेकमागे सरासरी नऊपेक्षा जास्त उरले असतील, तर पुढच्या तीन दिवसांत आभाळ जास्त ढगाळ ठेवा. पाचपेक्षा कमी असतील तर पाकिटातला डबा आहे तिथेच राहू द्या, पण त्याच्याकडे जाणारा एक माग, गंजलेल्या पत्र्याचा एखादा तुकडा, वाटेवर पडलेला दिसू द्या.